जबानी आणि मुलाखत : सन १८५९ मधील दोन कागद

‘मुलाखत’ हा शब्द आमच्या दप्तरांत वारंवार आढळतो. परंतु पेशवाईंतील कागदांत त्याचा अर्थ भेट एवढाच आहे. मुलाखत झाली, वस्त्रें दिलीं, विडे झाले, इतकें कारकून लिहितो. बोलणें काय झालें तें वकिलाच्या पत्रांत शोधावें लागतें. वर्तमानपत्राच्या बातमीदारानें प्रश्न विचारावे, उत्तरें टिपावीं व दोन्ही छापावीं ही रीत पुष्कळ अलीकडची. तिचा पहिला नमुना म्हणून जिचा निर्देश बहुधा होतो ती मुलाखत सन १८५९ ची आहे. त्याच वर्षीं तात्या टोपे यांची जबानी लिहिली गेली. हे दोन कागद शेजारीं ठेवून वाचण्यासारखे आहेत.

न्यूयॉर्क ट्रिब्यूनचे संपादक होरेस ग्रीली हे १३ जुलै १८५९ रोजीं सॉल्ट लेक सिटी येथें मॉर्मन पंथाचे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यांस भेटले. संभाषण सुमारें दोन तास चाललें व तें २० ऑगस्टच्या अंकांत प्रसिद्ध झालें. ग्रीली यांनीं आरंभ पंथाच्या धर्ममतांपासून केला. तेथें यजमानास बोलावयाची हौस असणारच. गुलामगिरी, पुरोहितांचें वेतन हे विषय मागाहून आले, आणि एकेका पुरुषास बायका किती हा अवघड प्रश्न बऱ्याच उशिरां. यंग यांनीं आपणांस पंधरा आहेत असें सरळ सांगितलें. डॅनाइट नांवाच्या गुप्त टोळीविषयीं विचारतांच मात्र त्यांनीं, तुमचें काय म्हणणें, असा उलट प्रश्न केला व मग साफ इन्कार केला. ग्रीली यांनीं तो उलट प्रश्नही छापला. शेवटीं ते कबूल करतात कीं, हें सर्व आठवणीप्रमाणें लिहिलें आहे, इतरही मंडळी बोलत होती, त्यांचें बोलणें गाळलें आहे. या कबुलीमुळें कागदाची किंमत उणावते असें कोणास वाटेल. आमच्या मतें ती वाढते.

आतां दुसरा कागद. मानसिंगाच्या विश्वासघातानें ७ एप्रिल १८५९ रोजीं तात्या पकडले गेले. १० एप्रिल रोजीं मुशैरीच्या छावणींत मेजर मीड यांच्यासमक्ष त्यांची जबानी झाली, १५ रोजीं लष्करी न्यायालय बसलें व १८ रोजीं शिप्री, म्हणजे आजची शिवपुरी, येथें त्यांस फांशी दिलें. जबानींत प्रथम नांव, बापाचें नांव, गांव, वय. पुढें कानपुरापासूनची हकीकत प्रथमपुरुषीं सलग चालते. गांव इंग्रजी प्रतींत ‘जोला’, परगणा पाटोदा, जिल्हा नगर असें पडलें आहे, तें येवलेंच. मुनशीचा कान आणि भाषांतरकाराची लेखणी यांतून मराठी गांवांची जी अवस्था होते ती संग्राहकांस ठाऊकच आहे.

परंतु गांवाचें नांव दुरुस्त करतां येतें. गाळलेला प्रश्न भरून काढतां येत नाहीं. या जबानींत एकही प्रश्न नाहीं. कोणाही यूरोपियन पुरुष, स्त्री वा मूल यांच्या वधाशीं आपला संबंध नाहीं, असें तात्या सांगतात. हें ते आपण होऊन बोलले, कीं कोणी विचारलें म्हणून? आपण होऊन म्हटलें असेल, तर आपल्या नांवावर कोणता डाग राहूं नये ही त्यांची इच्छा दिसते. उत्तर म्हणून म्हटलें असेल, तर मीड यांस काय सिद्ध करावयाचें होतें तें दिसतें. कचेरीच्या रिवाजाप्रमाणें उत्तरें एकापुढें एक जोडलीं गेलीं, आणि हा भेद नाहींसा झाला. बंदिवानाची जबानी म्हणून ती टाकाऊ ठरविणारांशीं आम्ही सहमत नाहीं. तिच्यांतील मोहिमेचा क्रम इतर कागदांशीं ताडून पाहतां येतो. मात्र जेथें साक्षीदार स्वतःविषयीं बोलतो, तेथें प्रश्नावांचून उत्तर तोलावें कसें?

हाच अपराध आम्हींही केला आहे. एका जुन्या घराण्यांतील वृद्ध गृहस्थांस आम्हीं, “आपले पूर्वज पानिपतावर होते ना?” असें विचारलें. ते “होय” म्हणाले, आणि आम्हीं ‘पूर्वज पानिपतावर होते असें सांगतात’ म्हणून टिपून घेतलें. त्या घरच्या कागदांत पानिपताचा उल्लेख पुढें कोठेंही मिळाला नाहीं. ‘आपल्या घरीं जुन्या काळचें काय सांगतात?’ एवढेंच विचारून गप्प बसलों असतों, तर ते कदाचित् निराळेंच कांहीं बोलते. विचारावयास आतां ते हयात नाहींत. त्या टिपणाच्या समासांत आम्हीं आमचा प्रश्न मागाहून तांबड्या शाईनें लिहून ठेवला आहे.