वाइनच्या लेबलावर गावाचे नाव

बाटलीवर शॅम्पेन किंवा शातोनफ-द्यु-पाप असे नाव छापण्याचा हक्क कोणाला, हे फ्रान्समध्ये कायदा ठरवतो. द्राक्षे कोणत्या शिवारातली, वाण कोणते, हेक्टरी उत्पादन किती, यांवर त्यात बंधने असतात. ‘अपेलासियों दोरिजिन कोंत्रोले’, म्हणजे नियंत्रित मूळस्थाननाम, ही ती पद्धत. ती 1935 साली कायद्यात आली.

हद्द आखण्याचा विचार त्याहून जुना आहे. 1716 साली तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने हुकूम काढून क्यान्तीसह चार प्रदेशांच्या सीमा ठरवल्या. पोर्तुगालमध्ये 1756 पासून मंत्री पोंबाल याच्या कारभारात दोरू खोऱ्याची हद्द ग्रॅनाइटचे खांब रोवून आखली गेली. तिथे पोर्ट वाइनला गडद रंग यावा म्हणून एल्डरबेरीच्या फळांचा रस मिसळत असत. ही भेसळ मुळापासून थांबावी म्हणून ती झाडेच उपटण्याचा हुकूम निघाला.

फ्रान्सवर ही पाळी आणली फिलॉक्सेरा या किडीने. अमेरिकेतून आलेली ही कीड 1860 च्या दशकात द्राक्षवेलींच्या मुळांना लागली आणि बागांमागून बागा वाळल्या. पुढे अमेरिकी खुंटांवर कलमे बांधून बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण मधल्या काळात बाजारात वाइनचा तुटवडा पडला. व्यापाऱ्यांनी बेदाणे भिजवून आंबवले. पिळलेल्या चोथ्यात साखर-पाणी घालून पुन्हा ‘वाइन’ काढली. म्हणून 1889 च्या कायद्याला आधी वाइन म्हणजे काय हेच सांगावे लागले : ताजी द्राक्षे आंबवून होते ती वाइन. 1905 च्या कायद्याने मालाच्या विक्रीतील फसवणूक गुन्हा ठरवली.

तरीही नकली वाइन बाजारात येत राहिली आणि भाव कोसळले. 1907 साली दक्षिण फ्रान्समधील लांगदोकमध्ये मार्सेलँ आल्बेर या कॅफेचालकाच्या पुढाकाराने लाखो माणसे रस्त्यावर आली. नार्बोनमध्ये सैन्याच्या गोळीबारात माणसे मेली. त्याच वर्षीच्या कायद्याने प्रत्येक बागाईतदाराला आपले उत्पादन जाहीर करणे सक्तीचे झाले. शॅम्पेनमध्ये भांडण प्रदेशाच्या नावावरून होते. बाहेरची द्राक्षे आणून शॅम्पेन बनवण्यावर मार्न जिल्ह्याचे बागाईतदार चिडले होते; 1908 साली आखलेल्या हद्दीतून वगळल्यामुळे ओब जिल्ह्याचे बागाईतदार पेटले. ही हद्द रद्द होणार असे दिसताच एप्रिल 1911 मध्ये मार्नमधील आई गावात व्यापाऱ्यांच्या पेढ्या जाळण्यात आल्या.

1919 च्या कायद्याने नावाचा वाद न्यायालयाकडे सोपवला. पण हद्द ठरली, तरी आत काय लावावे यावर बंधन नव्हते. नामांकित गावाच्या हद्दीत कोणत्याही जमिनीवर भरघोस पिकणारे हलके वाण लावून तेच नाव वापरता येत असे.

या उणिवेवर तोड बागाईतदारांनीच काढली. शातोनफ-द्यु-पापच्या मंडळींनी 1923 साली बारों पिएर ल र्‍वा या वकील-बागाईतदाराला गाठले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली गावाने स्वतःवर नियम घालून घेतले. जिथे थाइम आणि लॅव्हेंडर उगवते तीच जमीन द्राक्षाची धरावी. ठरलेलीच वाणे लावावीत. छाटणी ठरल्या पद्धतीने करावी. तोडणीच्या वेळी खराब द्राक्षे निवडून काढावीत. वाइनमध्ये अल्कोहोल किमान 12.5 टक्के असावे. भरघोस पिकणाऱ्या जमिनीचा मोह सोडायला गाव स्वतः तयार झाले, हीच या नियमांची खरी ताकद होती. 1933 साली वरिष्ठ न्यायालयानेही ते उचलून धरले.

जिरोंदचे सिनेटर जोझेफ काप्यू यांनी याच तत्त्वासाठी संसदेत झुंज दिली. 30 जुलै 1935 च्या हुकूमनाम्याने राष्ट्रीय समिती नेमली आणि हद्द, वाण, उत्पादन व अल्कोहोल यांचे नियम नावाशी बांधले. मे 1936 मध्ये आर्ब्वा, कासी, ताव्हेल, मोंबाझियाक आणि शातोनफ-द्यु-पाप यांना पहिली मान्यता मिळाली. 1947 साली या समितीची संस्था झाली.

पुढे हे तत्त्व फ्रान्सबाहेर गेले. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार दुसऱ्या प्रदेशातील वाइनवर असे नाव ‘पद्धतीची’ किंवा ‘प्रकारची’ असे शब्द जोडूनही वापरू देता येत नाही. भारताने 1999 साली भौगोलिक निर्देशांकाचा कायदा केला, तो 2003 पासून लागू झाला आणि त्याखाली ‘नाशिक व्हॅली वाइन’ची नोंद झाली.