बारा वाजताची मॅटिनी

फ्रेंचमध्ये 'मातँ' म्हणजे सकाळ आणि 'मातिने' म्हणजे सकाळचा सगळा वेळ. एकोणिसाव्या शतकात पॅरिसची बडी मंडळी रात्रीचं जेवण उशिरा घेत आणि त्याआधीचा सारा दिवस सकाळच्या खात्यात मांडत. दिवसाउजेडी होणाऱ्या गाण्याच्या मैफलीला त्यांनी 'मातिने म्युझिकाल' म्हटलं. इंग्रजांनी हा जोडशब्द उचलला, त्यातलं गाणं गाळलं आणि उरलेला अर्धा भाग दुपारच्या नाट्यप्रयोगाला लावला. तोच अर्धा शब्द मुंबईत आला आणि आमच्या लालबाग-परळात त्याला बारा वाजताची वेळ मिळाली.

बाराच का, तर थिएटरचं गणित साधं होतं. नवा सिनेमा ३, ६ आणि ९ या तीन खेळांना चाले. त्याआधी थिएटर रिकामंच असे. त्या वेळात जुन्या सिनेमाची प्रिंट आणून कमी दरात खेळ लावायचा, ही मुंबईची मॅटिनी. माझे आबा गिरणीच्या साचेखात्यात होते. त्यांची दुसरी पाळी दुपारी साडेतीनला सुरू होई आणि मध्यरात्री सुटे. त्या आठवड्यात संध्याकाळचा खेळ त्यांच्या वाट्याला येणं शक्यच नव्हतं. बाराचा खेळ मात्र अडीच-तीनला सुटायचा. तिथून पायी गिरणीच्या फाटकाशी वेळेत पोचता यायचं. भारतमाता, जयहिंद, गणेश ही सगळी थिएटरं आमच्या पायाखालची. आबांनी पाहिलेले बहुतेक सिनेमे मॅटिनीचेच, म्हणजे आधी इतरांनी पाहून झालेले. त्यामुळे आमच्या चाळीत 'मॅटिनीचा सिनेमा' म्हटलं की तो जुना असणार आणि तिकीट परवडणार, हे गृहीतच असे. मुळातली सकाळ आणि लंडनची दुपार या दोन्हींपेक्षा हा अर्थ वेगळा होता. गिरणगावानं तो आपल्या पाळ्यांवरून आणि पगारावरून ठरवला होता.

'सिनेमा' हा शब्दसुद्धा असाच कापलेला. ल्युमिएर बंधूंनी 1895 साली आपल्या यंत्राला 'सिनेमातोग्राफ' हे नाव दिलं. ग्रीक मुळाप्रमाणे त्याचा अर्थ हालचाल लिहून ठेवणारं यंत्र. 7 जुलै 1896 रोजी काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात त्याचा मुंबईतला पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. फ्रेंचांनीच पुढे या लांबलचक नावाचं 'सिनेमा' केलं. त्यातलं लिहिणं गेलं, हालचाल राहिली. इंग्लंडात हा शब्द मुख्यतः इमारतीला चिकटला. आपण इमारतीला थिएटर किंवा टॉकीज म्हणालो आणि सिनेमा हे नाव पडद्यावरच्या गोष्टीला दिलं. म्हणून आपल्याकडे सिनेमा 'लागतो', 'पडतो', 'चालतो' आणि 'उतरतो'. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हापासून मराठी माणूस या शब्दाला आपली क्रियापदं जोडत आला आहे.

'वन्स मोअर'ची वाट आणखी वेगळी. गाणं पुन्हा हवं असलं की इंग्रज प्रेक्षक 'आँकोर' असं ओरडतो. हा फ्रेंच शब्द. पण खुद्द फ्रेंच प्रेक्षक त्या जागी लॅटिन 'बिस' म्हणतो. आपण इंग्रजांकडून त्यांची ही आरोळी घेतली नाही. त्यांच्याच भाषेतले दोन साधे शब्द घेतले आणि त्यांचं मराठी नाम केलं. वन्स मोअर मिळतो, पडतो, घेतला जातो. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' केलं. संगीत नाटकाच्या त्या काळात पदाला मिळालेले वन्स मोअर हे गायकाच्या यशाचं माप होतं. पुढे परळच्या दामोदर हॉलमध्ये दिवसा गिरणीत राबणारी माणसं रात्री नाटकं करत, लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उभे राहत. इंग्रजीचा एक धडाही न शिकलेला प्रेक्षक तिथे हक्कानं वन्स मोअर द्यायचा, आणि तो शब्द परका आहे हे त्याच्या मनातही येत नसे.

उसना शब्द तोडला म्हणजे तो बिघडला, असं मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. अर्धा उरलेला शब्द ज्यांच्या तोंडी बसतो, तीच माणसं उरलेला अर्थ भरतात. आणि त्यांचं जगणं मोडलं की तो अर्थही उघडा पडतो. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि त्यांतले असंख्य परत कामावर गेलेच नाहीत. पाळ्या संपल्या. पुढे मल्टिप्लेक्सनी दिवसभर नव्याच सिनेमाचे खेळ लावले आणि बारा वाजताचं वेगळेपण उरलं नाही.

कोशात 'मॅटिनी'पुढे दुपारचा खेळ एवढंच लिहून भागणार नाही. 'मुंबईत : बारा वाजता, जुना सिनेमा, कमी दर' हा अर्थही तिथे नोंदवायला हवा. तो ज्यांनी घडवला त्यांची नावं कुठल्याही नाट्यगृहाच्या पाटीवर नाहीत. भाषेत त्यांनी घातलेली भर तरी त्यांच्या नावे जमा असावी.