किंचाळणारी चकती
पाचगणीहून पसरणी घाट उतरताना नवे ब्रेक पॅड किंचाळू लागले, की दोष पॅडच्या माथी जातो. ही किंचाळी मात्र डिस्क ब्रेकइतकीच जुनी. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पण चकतीवर तांब्याचे पॅड घासले, की कानठळ्या बसत. १९०७ मध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी त्यांना अ‍ॅस्बेस्टॉसचे अस्तर दिले. आवाज शमला, त्याच तंतूंनी पुढे असंख्य कामगारांची फुफ्फुसे पोखरली.

आवाजापेक्षा झीज अधिक बोलकी. साताऱ्यात काय, सांगलीत काय, सरकत्या कॅलिपरचा आतला पॅड संपला आणि बाहेरचा जवळपास कोरा राहिला, तर पहिला संशय गंजून अडकलेल्या पिनांवर घ्यावा. त्या साफ करून उष्णतारोधक ग्रीस लावल्याशिवाय बदललेला नवा पॅडही तसाच एकांगी झिजतो.