'आज'ची पूर्वकल्पना

उद्योगांचा इतिहास सांगताना आपण बहुधा पहिल्या यंत्रापासून किंवा पहिल्या ताळेबंदापासून आरंभ करतो. परंतु यंत्र येण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे ठरलेली असावी लागतात. माल कोणासाठी? तो घडविणार कोण? पैसा कोठला? आणि हे सारे कशासाठी? ही उत्तरे आधी शोधून काशीत एक उद्योग उभा राहिला. तो म्हणजे 'आज' हे हिंदी दैनिक.

काशीचे धनिक शिवप्रसाद गुप्त १९१४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. लंडनच्या 'टाइम्स'सारखे वजनदार पत्र हिंदीत असावे, ही आकांक्षा त्यांच्या मनात होती. ग्राहक म्हणजे इंग्रजी न जाणणारा, पण देशाचे काय चालले आहे हे जाणू इच्छिणारा वाचक. भांडवल गुप्तांचे स्वतःचे. राहिला प्रश्न घडविणाऱ्याचा.

तो माणूस काशीतच जन्मलेला होता. बाबुराव विष्णु पराडकर यांचा जन्म १८८३ चा, घर मराठी. बंगालीत 'देशेर कथा' लिहिणारे सखाराम गणेश देऊस्कर हे त्यांचे मामा. कलकत्त्यास 'हिंदी बंगवासी', 'हितवार्ता' आणि 'भारतमित्र' या पत्रांत त्यांनी उमेदवारी केली. पुढे राजकीय संशयावरून स्थानबद्धता भोगली. १९२० मध्ये सुटून ते काशीस आले, आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला 'आज' निघाले. आरंभी संपादकपद श्रीप्रकाश यांच्याकडे होते. पुढे ते पराडकरांकडे आले.

नावामागचा विचार पहिल्याच अंकात सांगितला होता. सर्वकाळी सत्य ठरेल असे बोलण्याचे धाडस आम्ही करीत नाही. जबाबदारी घेऊ ती एका दिवसाची, अशा आशयाची ती भूमिका होती. उद्दिष्ट मात्र एका दिवसाचे नव्हते. ते होते देशाचे सर्वांगीण स्वातंत्र्य.

येथे 'केसरी'ची आठवण होते. तो १८८१ मध्ये निघाला आणि १८९१ मध्ये कर्जासह टिळकांच्या हाती आला; तेव्हा लेखणी आणि मालकी एकाच हाती आली. काशीत मात्र धनी वेगळा, संपादक वेगळा. ही जोडी टिकली, कारण दोघांचे उद्दिष्ट एक होते. १९३० मध्ये सरकारी दडपणामुळे 'आज' बंद पडले, तेव्हा पराडकरांनी 'रणभेरी' हे गुप्त पत्रक चालविले. छापखाना थांबला, पण मूळ कल्पना थांबली नाही.

तथापि अशी जोडी सर्वत्र जुळेल, असा भ्रम पराडकरांना नव्हता. १९२५ मध्ये वृंदावनच्या संपादक संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी इशारा दिला होता. पुढे पत्रे मोठी होतील, देखणी होतील, त्यांचा खपही वाढेल. पण ती धनवंतांच्या किंवा संघटित कंपन्यांच्या हाती जातील आणि संपादकाचे स्वातंत्र्य उरणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता. १९५५ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या इशाऱ्याची प्रचीती वाचकांना त्यानंतर अनेकदा आली आहे.

नवा उद्योग योजणाऱ्याने यातून एवढे घ्यावे: भांडवल, ग्राहक आणि कारागीर यांचा हिशेब पहिल्या दिवशी मांडता येतो. 'कशासाठी' या प्रश्नाचे उत्तर मात्र एकदा देऊन भागत नाही. ते रोज नव्याने द्यावे लागते. त्या पत्राचे नाव 'आज' होते, हे या दृष्टीने मोठे अर्थपूर्ण आहे.