तळटीप : आरोमांशचे ठोकळे
१४. ‘पाण्यातले काळे ठोकळे’ : ही बुडालेली जहाजे नव्हेत. नॉर्मंडीतील आरोमांश गावासमोर दिसतात ते जून १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांनी उभारलेल्या ‘मलबेरी’ या कृत्रिम बंदराचे अवशेष. काँक्रीटचे पोकळ पेटारे ब्रिटनमध्ये बांधून, टगबोटींनी ओढत इंग्लिश खाडीपार आणले आणि आत पाणी सोडून तळाला बसवले. त्यांच्या आडोशाला तरंगत्या धक्क्यांवर वाहने, दारूगोळा, शिधा उतरत असे. पश्चिमेला ओमाहा किनाऱ्यावरचे असेच बंदर १९ जूनला सुरू झालेल्या वादळात मोडले. तिथल्या वाळूतही युद्ध शिल्लक आहे : १९८८ मध्ये उचललेल्या नमुन्यात भूशास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली तोफगोळ्यांच्या लोखंडाचे गंजके कण आणि स्फोटांच्या उष्णतेने घडलेले काचेचे बारीक मणी सापडले.