तंबूतले नातेवाईक

मनोरुग्णाच्या घरच्यांना उपचारात सामील करून घेणे ही काही परदेशातून आलेली कल्पना नव्हे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत मुक्कामाला बोलावले. आजार म्हणजे काय, रुग्णाशी वागायचे कसे, हे घरचे तिथेच शिकत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही १९५७ पासून हीच वाट धरली. ही केवळ मनुष्यबळाच्या टंचाईवरची तोड होती, असा आक्षेप घेतला जातो. टंचाई होतीच, पण शेजारच्या तंबूतला रुग्ण सावरताना पाहून घरच्यांना जो धीर येतो, तो कितीही परिचारक नेमले तरी मिळत नाही.

खरी चूक पुढे झाली. सांभाळण्याचा भार घरच्यांवर राहिला, त्यांना मिळणारा आधार मात्र अपुराच पडला. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडीच्या एका खासगी मनोरुग्णगृहात साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मेले. त्यांना तिथे ठेवणाऱ्या नातेवाइकांना निर्दयी ठरवणे सोपे आहे. पण त्यांच्यापुढे दुसरा पर्याय कोणता होता, हेही विचारले पाहिजे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंडांवर बंदी घातली. आता घरच्यांना समुपदेशन, विसावा आणि आर्थिक मदत हक्काने मिळालीच पाहिजे.