प्रज्ञाचक्षू श्री गुलाबराव महाराज आणि दृक् संवेदनाच्या सिद्धांतांचा वाद

वऱ्हाडात 'प्रज्ञाचक्षू' म्हटले की पुढे नाव सांगावे लागत नाही. अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे १८८१ साली जन्मलेल्या श्री गुलाबराव महाराजांची दृष्टी वयाच्या नवव्या महिन्याच्या सुमारास गेली. इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन व स्वतःचे विचार सांगून लिहवून त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथांची निर्मिती केली, डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांची चिकित्सा केली आणि १९१५ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी पुण्यात देह ठेवला. मानसशास्त्राच्या इतिहासात हा कालखंड लक्षणीय आहे. वुन्ट यांची लाइपझिग येथील प्रयोगशाळा १८७९ची, तर कलकत्ता विद्यापीठातील मानसशास्त्र विभाग १९१६चा. महाराजांचे आयुष्य या दोहोंच्या मध्ये येते. त्यांचा विचार आजवर भक्तीच्या व तत्त्वज्ञानाच्या अंगाने झाला. दृक् संवेदनाविषयीच्या वादाच्या संदर्भात तो क्वचितच झाला.

या वादाचा प्रारंभच मुळी अंध व्यक्तीविषयीच्या प्रश्नाने झाला. डब्लिनचे विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये जॉन लॉक यांना पत्राने विचारले, की स्पर्शाने घन व गोल ओळखणाऱ्या जन्मांधास अचानक दृष्टी लाभली, तर केवळ पाहून तो त्यांतील भेद सांगू शकेल काय? मॉलिन्यू यांच्या पत्नीची दृष्टी गेलेली होती, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. लॉक यांचे उत्तर नकारार्थी होते. बर्कली यांनी १७०९ मध्ये त्याहून पुढे जाऊन, अंतराचे ज्ञान डोळ्याला मुळात होतच नाही, ते स्पर्शाच्या साहचर्याने शिकावे लागते, असे प्रतिपादन केले.

एकोणिसाव्या शतकात हाच वाद शरीरशास्त्राच्या भाषेत मांडला गेला. हेल्महोल्ट्झ यांच्या मते नेत्रपटलावरील चिन्हे अपुरी असतात व पूर्वानुभवाच्या आधारे मन 'अबोध अनुमान' करते. हेरिंग यांच्या मते अवकाशाची जाणीव जन्मजात असते. १९१२ मध्ये वर्थायमर यांच्या भासमान गतीवरील प्रयोगांतून समष्टिवाद पुढे आला आणि सुट्या वेदनांची बेरीज म्हणजे संवेदन, हे गृहीतच डळमळले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिब्सन यांनी प्रकाशाच्या रचनेतच पुरेशी माहिती असते, अनुमानाची गरज नाही, अशी भूमिका घेतली. रिचर्ड ग्रेगरी यांनी मात्र संवेदनास गृहीतक मानले.

ग्रेगरी यांचेच एक प्रकरण वऱ्हाडच्या अभ्यासकास अधिक जवळचे वाटावे. ग्रेगरी व वॉलेस यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील 'एस. बी.' नामक इंग्रज गृहस्थांची दृष्टी वयाच्या दहाव्या महिन्याच्या सुमारास गेली होती, म्हणजे महाराजांच्या जवळजवळ त्याच वयात. बावन्नाव्या वर्षी पारपटल-रोपणाने त्यांना दृष्टी लाभली. घड्याळातील वेळ त्यांनी पाहून लगेच सांगितली, कारण घड्याळाचे काटे चाचपून वेळ ओळखण्याची त्यांना सवय होती. मोठ्या लिपीतील इंग्रजी अक्षरे त्यांना वाचता आली. ती शाळेत स्पर्शाने शिकवली होती. लहान लिपी शिकवलेली नव्हती, ती वाचता आली नाही. परिचित भ्रमाकृतींनी ते इतरांप्रमाणे फसले नाहीत. पुढे मात्र ते खिन्न होत गेले व १९६० मध्ये निधन पावले. दृष्टी मिळणे म्हणजे केवळ लाभ नव्हे, हे या प्रकरणाचे क्लेशदायक अंग पाठ्यपुस्तकांत बहुधा गाळले जाते.

भारतीय दर्शनांतही हा प्रश्न अपरिचित नव्हता. नैयायिकांच्या मते चक्षू प्राप्यकारी आहे, म्हणजे नेत्ररश्मी विषयापर्यंत जातात. बौद्धांनी हे नाकारले. अद्वैत परंपरेत अंतःकरणाची वृत्ती बाहेर जाऊन विषयाकार होते. महाराजांचे लेखन याच परंपरेत मोडते. 'हे सारे आपल्याकडे आधीच सांगितले होते', असे म्हणण्याचा मोह या ठिकाणी टाळला पाहिजे. डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत. या बाबतीत नैयायिक चुकले, युक्लिडही चुकला. परंतु दिङ्नागांनी प्रत्यक्षास कल्पनारहित म्हटले आणि नैयायिकांनी निर्विकल्पक व सविकल्पक असे दोन प्रकार मानले, तेव्हा पाहण्यात मन कितपत मिसळते, हाच प्रश्न त्यांच्यासमोर होता. रज्जुसर्प व शुक्तिरजत यांवरील ख्यातिवाद हा तर भ्रमाचा स्वतंत्र अभ्यासच होय. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मुल्लर-लायर भ्रमाची मापे नोंदविताना अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्यास याची ओळख करून देण्यास हरकत नसावी.

मॉलिन्यू यांच्या प्रश्नास प्रायोगिक उत्तर मिळाले तेही भारतात. पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश' या उपक्रमात शस्त्रक्रियेने दृष्टी लाभलेल्या आठ ते सतरा वर्षे वयाच्या पाच मुलांची चाचणी घेण्यात आली. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. स्पर्शाने जाणलेली वस्तू पाहून ओळखणे मुलांना प्रारंभी जवळजवळ जमले नाही. काही दिवसांतच मात्र त्यात स्पष्ट सुधारणा झाली. लॉक यांचा नकार टिकला, पण हे शिकण्यास दीर्घ काळ लागतो ही समजूत टिकली नाही.

महाराजांवर अशी शस्त्रक्रिया झाली नाही. त्यामुळे त्यांचे अंधत्व कोणत्याही पक्षाचा पुरावा ठरू शकत नाही. उपलब्ध आहेत ते त्यांचे ग्रंथ. त्यांत रूप, रंग व प्रकाश यांविषयीचे शब्द कोठे शास्त्रग्रंथांच्या श्रवणातून आले व कोठे स्पर्शाच्या अनुभवाशी जोडले गेले, याची सूची मराठी व मानसशास्त्र या दोन विभागांना एकत्र बसून करावी लागेल.